समोरचा संघ तगडा असू दे

फोनवर ते ॲप अजून आहे. निनादच्या कॉलेजच्या खेळांचं. दर फेब्रुवारीत एका सकाळी मी कणीक मळत असते आणि ओट्यावरचा फोन टुणकन वाजतो, ‘लॅक्रॉसचा सीझन सुरू होतोय, आमच्यासोबत या!’ माझा लेक त्या कॉलेजातून केव्हाच बाहेर पडला, नोकरीला लागला, पण ॲपला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. काढून टाकावं म्हणते. हात पिठाचे असतात म्हणून राहून जातं, आणि हात धुऊन आल्यावर काढवत नाही.

फेब्रुवारीतला दोहा मला आवडतो. उन्हाळ्यात ज्या बाल्कनीचं दार उघडलं की कुकरची वाफ तोंडावर आल्यासारखं होतं, त्याच बाल्कनीत या दिवसांत शाल घेऊन, चहा घेऊन बसता येतं. अल थुमामातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. विमानं इतक्या खालून जातात की लहानपणी निनाद शेपटीच्या रंगावरून कंपनी ओळखायचा आणि मला परीक्षेला बसवायचा. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून स्टेडियम दिसतं, पांढरं, इथले पुरुष डोक्यावर घालतात त्या विणलेल्या टोपीसारखं. हल्ली ते गप्प असतं. पण मी सांगतेय तो फेब्रुवारी वर्ल्ड कपच्या आधीचा. तेव्हा सगळं गाव उकरून ठेवलेलं होतं. कालचा रस्ता आज नसायचा. भाजीला निघालेलं माणूस डायव्हर्जनच्या बाणांमागे फिरत फिरत विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन उभं राहायचं. लिफ्टमध्ये, दुकानात, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलेलं असतानासुद्धा एकच प्रश्न, तिकीट मिळालं का?

आणि नाशिकहून येणारे फोन! ज्यांना वर्षानुवर्षं आमची आठवण झाली नव्हती त्यांच्यामुळे आम्हाला एकाएकी उचक्या लागल्या. “वहिनी, कशा आहात? तब्येत काय म्हणते? बरं, नोव्हेंबरात तुमच्याकडे एक खोली रिकामी असेल ना?” चुलतदीर झाले, चुलतदिरांचे साडू झाले, साडूंच्या दुकानातले भागीदार झाले. मी म्हणायचे, या की, खोलीला काय झालंय. खोली रिकामीच होती, निनादची. फोन ठेवला की मी उगाच जाऊन तिथली चादर सारखी करून यायचे.

आमचे हे रास लफानला, गॅसच्या प्लांटवर मेंटेनन्समध्ये. त्या वर्षी शटडाउन चाललं होतं, म्हणजे प्लांटचा एकेक भाग बंद करायचा, सगळं खोलून तपासायचं, पुन्हा जोडायचं. उजाडायच्या आत कंपनीची बस न्यायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची ते नुसते बूट आणि डबा. माणूस कुठेतरी वाटेतच झोपलेला असायचा. मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते. इथे आल्यावर मूल लहान म्हणून घरी राहिले, मग मूल मोठं झालं तरी घरीच राहिले. दिवस दिवस तोंडातून मराठी शब्द निघायचा नाही. दुकानात हिंदी, लिफ्टमध्ये इंग्लिश, आणि भाजीवाल्याशी तर “कोथिंबीर?” “खलास, मॅडम.” एवढंच. सरळच सांगते, मला फार एकटं वाटायचं. शेजारच्या घरात कुणी हसलं तरी मी मिक्सर बंद करून ऐकायचे.

तर निनाद. शाळेत असताना तो नुसता पळायचा. फार वेगात नाही, पण थांबायचाच नाही. इंजिनिअरिंगला अमेरिकेत गेला, एका थंडगार गावातल्या छोट्याशा कॉलेजात. तिथे मैदानाला फेऱ्या मारताना लॅक्रॉसच्या कोचनं त्याला पाहिलं आणि म्हणे, काठी धरायला आम्ही शिकवू, तू फक्त असाच पळ. लॅक्रॉस! आम्ही नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. टोकाला जाळीची झोळी असलेली काठी, त्या झोळीत चेंडू झेलायचा, पळवायचा, समोरच्यांच्या गोलात मारायचा, आणि तोवर समोरच्यांनी आपल्या काठ्यांनी तुम्हाला बडवायचं. हळदीकुंकवाला इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगितलं तर एक म्हणाली, “अय्या, म्हणजे फुलपाखरं धरतात तसं?” म्हटलं, हो, फक्त हेल्मेट घालून.

सुरुवातीची वर्षं तो बाकावरच होता. शेवटच्या वर्षी, त्याच फेब्रुवारीत, मिडफिल्डमध्ये नंबर लागला, म्हणजे मधल्या फळीत. कॉलेजवाले छपरावर एक कॅमेरा लावून मॅच इंटरनेटवर दाखवायचे. पहिल्या मॅचसाठी ह्यांनी शिफ्ट बदलून घेतली, मी साजूक तुपातला शिरा केला, लॅपटॉप टीव्हीला जोडला. हेल्मेटं घातलेली सगळी पोरं सारखीच दिसत होती. पण आपलं पोर ओळखायला चेहरा कशाला लागतो? निनाद आत जायच्या आधी काठीचा बुंधा जमिनीवर दोनदा आपटतो. घरातही दार उघडायच्या आधी असंच बोटांनी ठकठक करायचा, स्वतःच्याच खोलीचं का असेना. बाकांसमोर आखलेली एक छोटी चौकट होती, बदली खेळाडू तिथे उभे राहतात. त्या चौकटीत एकानं काठी आपटली आणि आत धावत सुटला. “आला, आला!” मी ओरडले. आणि मिनिटभरात तो पळत बाहेर.

“काढलं त्याला,” हे म्हणाले.

“अहो, काढतील कसं? आत्ता तर गेला.”

“काहीतरी चुकलं असणार. उगाच कोण काढतं?”

आम्ही क्रिकेटवर पोसलेली माणसं. आमच्या लेखी अकरात आहे तो दिवसभर मैदानात आणि अकरात नाही तो पाण्याच्या बाटल्या नेतो, मधलं काही नसतंच. बाहेर आला म्हणजे संपला. थोड्या वेळानं तो पुन्हा आत गेला तेव्हा वाटलं, चला, बिचाऱ्याला दुसरी संधी दिली. पुन्हा बाहेर आला तेव्हा ह्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मॅचभर हेच, आत, बाहेर, आत, बाहेर. शिरा तसाच गार झाला. मॅच संपल्यावर निनादचा फोन आला, श्वास लागलेला, आवाज नुसता फुललेला.

“आई, पाहिलंस? आय प्लेड सो मच!”

“अरे, पण सारखं बाहेर का काढत होते तुला?”

तो जो काय हसला! हसता हसता कुणाला तरी इंग्लिशमध्ये सांगितलंन, माझे पेरेंट्स म्हणतायत मला काढलं. तिकडे आणखी चारजण हसले. मग म्हणाला, “आई, दॅट्स द जॉब.”

मधल्या फळीतले तिघं तिघं मिळून आत जातात. अख्खं मैदान पळायचं असतं, मिनिटभरात फेस येतो, म्हणून खेळ चालू असतानाच बदली होते. त्यात निनाद राखणीतला. चेंडू समोरच्यांकडे गेला की ह्यानं आत धावायचं, त्यांना अडवायचं, आणि चेंडू आपल्याकडे आला की गुपचूप बाहेर. मग गोल मारणारे हिरो आत. घरात झुरळ निघालं की ज्याला हाक मारतात आणि मारून झालं की “जा आता, झोप” म्हणतात, तशी त्याची नोकरी. ह्यांना ते लगेच पटलं. म्हणाले, आमचं मेंटेनन्सचं तेच, सगळं नीट चाललं असेल तर आम्हाला कोण विचारतं.

तेव्हापासून आमचा घरात एक खेळ सुरू झाला. निनाद पुढच्या मॅचला किती खेळेल, ते आधी सांगायचं. ज्याचा अंदाज जास्त चुकेल त्यानं दुसऱ्या दिवशीचा चहा करायचा. हे शिफ्ट लावणारे, त्यांची पद्धत तीच. “परवा तो जास्त पळलाय, त्या दुसऱ्या पोराला विश्रांती मिळालीय, म्हणजे आज त्याला आधी काढतील.” मी गणिताची बाई. मी समोरच्या संघाच्या जुन्या मॅच बघत बसायचे. ते चेंडू किती वेळ स्वतःकडे ठेवतात, घाईनं मारतात की फिरवत राहतात. अहो, कामच काय होतं मला? वरण शिजतंय, आणि मी ओट्याशी उभी राहून कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी पोरांना चेंडू फिरवताना बघतेय. आणि माझं उत्तर बरोबर यायला लागलं. समोरचे जितके तगडे तितका निनाद जास्त. समोरचे लेचेपेचे असले की चेंडू सगळा वेळ आपल्याच पोरांकडे, आणि निनाद चौकटीत उभा, काठी आपटत.

मग देवापुढे दिवा लावताना मी मनात म्हणायला लागले, समोरचा संघ तगडा असू दे. एकदा ते मोठ्यानं निघालं.

“अगं बाई,” हे म्हणाले, “पोराच्या संघाला मार पडावा म्हणून देवाला साकडं घालतेस?”

“मार नको. फक्त दमवू देत.”

“आणि हरले तर?”

“हरू देत,” मी म्हटलं.

त्यांना कारण ठाऊक नव्हतं. माझ्या लक्षात आलं होतं ते असं, निनाद खेळला की फोन करायचा. नाही खेळला की मेसेज यायचा, ‘गेम झाला. टायर्ड. टीटीवायएल.’ त्याचा अर्थ नंतर बोलू असा असतो, पण ते नंतर कधी यायचं नाही. म्हणजे अंदाज मी निनादच्या खेळाचा बांधतच नव्हते. शनिवारी माझा फोन वाजेल की नाही, त्याचा बांधत होते.

मी आपणहून फोन करायचे नाही असं नाही. पण मी केला की “आई, इन क्लास”, “आई, प्रॅक्टिस”. घेतलाच तर जेवलास का, हो. थंडी आहे का, हो. आणि मग दोघंही फोनच्या दोन टोकांना नुसते उभे. खेळून आल्यावरचा फोन वेगळा असायचा. तो आपण होऊन बोलायचा. मोडक्यातोडक्या मराठीत, अर्ध्या इंग्लिशमध्ये, कुणाला कसं अडवलं, कोच काय ओरडला, बुटात कसा बर्फ गेला. मी फक्त “मग?” म्हणायचे. ते “मग?” म्हणायला मिळावं म्हणून मी आठवडाभर थांबायचे. तिकडे जावं म्हटलं तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळत नव्हती, आणि ह्यांची रजा शटडाउननं खाल्लेली.

मार्चमध्ये इथे उत्तरेचा वारा सुटतो. धुळीनं आकाश चहासारखं होतं, समोरचं स्टेडियम दिसेनासं होतं, आणि खिडक्या कितीही लावा, दातांखाली कचकच. त्या महिन्यात समोर एकामागून एक तगडे संघ आले. निनादचा संघ हरत होता आणि माझा फोन वाजत होता. एवढी हरणारी मॅच बघून एवढी खूश झालेली आई जगात दुसरी नसेल. त्याच दिवसांत नाशिकच्या धाकट्या जाऊबाईंचा फोन आला, तिकिटांसाठीच. मी तिकिटाचं बोलून झाल्यावर म्हटलं, बाकी काय विशेष? त्या म्हणाल्या, “विशेष काही नाही हो, ठेवते.” बरोबरच होतं त्यांचं. विशेष नसलं की ठेवायचाच असतो फोन.

पुढे ते सगळे आलेही वर्ल्ड कपला. निनादच्या खोलीत गाद्या घालून झोपले, झेंडे नाचवले, घरात पोह्यांचं पातेलं उतरेना. आठवडाभरानं गेले. बेसिनपाशी कुणाचा तरी ब्रश राहिला, तो मी बरेच दिवस तसाच ठेवला होता. पण मला ते दिवस तितकेसे आठवत नाहीत. त्याच्या आधीचा एप्रिल आठवतो.

एप्रिलात रमजान होता. निनादची शेवटची मॅच दुसऱ्या गावी होती, तिथल्या सकाळी, म्हणजे आमच्याकडे ऐन इफ्तारच्या वेळी. त्या वेळेला दोहा कसा होतो ते बघायला हवं. दिवसभर खणणारी यंत्रं बंद, रस्त्यावर एक गाडी नाही, सिग्नल आपलेच हिरवे-तांबडे होत असतात. अजान झाली आणि सगळीकडून वाट्या-चमच्यांचा बारीक आवाज यायला लागला. प्रत्येक घर जेवायला बसलेलं. हे रास लफानला अडकले होते, कुठलासा पंप जोडून होईपर्यंत सुटका नव्हती. दुपारी फोनवर विचारलंन, “बोला मॅडम, आजचा अंदाज?”

“आज जवळजवळ नाहीच.”

“शेवटची मॅच आहे गं. देतील थोडं.”

“समोरचे फार कच्चे आहेत हो,” मी म्हटलं. माझा आवाज त्यांना कळला असावा. म्हणाले, उद्याचा चहा मीच करतो, आधीच हरलो म्हण.

अंदाज बरोबर आला. इतका बरोबर कधीच आला नव्हता. चेंडू समोरच्यांकडे जाईचना. आपली पोरं गोलावर गोल मारत सुटली. मी चेंडूकडे बघतच नव्हते, कॅमेऱ्याच्या कडेला त्या चौकटीचा एक कोपरा दिसत होता, त्याकडे डोळे लावून बसले होते. निनाद काठी आपटायचा, पुढे व्हायचा, थांबायचा. पुन्हा आपटायचा. शेवटी शेवटी जिंकणं पक्कं झालं तेव्हा वाटलं, आता तरी. तर कोचनं पहिल्या वर्षाची पोरं आत सोडली, त्यांना सवय व्हावी म्हणून. कोचचंही बरोबर असेल. मला मात्र त्या माणसाचा असा राग आला की मी टीव्हीला म्हटलं, “अहो, माझ्या पोराला एक मिनिट द्या की!” शिट्टी वाजली, सगळा संघ मैदानात धावला, एकमेकांच्या अंगावर पडला. त्या ढिगात निनाद होता का, ते दिसलं नाही. मी टीव्ही बंद केला.

आज मेसेज येणार, हे माहीत होतं. शेवटच्या मॅचचा मेसेज. पुढच्या शनिवारी तर मेसेजही येणार नव्हता, कारण मॅचच नव्हती. मेथीची जुडी आणली होती, ती पेपरवर सोडली आणि डायनिंग टेबलाशी निवडत बसले. निवडण्यासारखं काहीतरी होतं हे बरं. फोन पालथा घालून ठेवला होता.

तो वाजला. मला वाटलं हे असतील. निनाद होता. मागे प्रचंड गोंधळ, बस चाललेली, पोरं बेसूर गात होती.

“आई.”

“बोल रे बाळा.”

“मी आज खेळलो नाही.”

“माहीत आहे मला. पाहिलं.”

“हं.” मग गाणं नुसतंच ऐकू येत राहिलं. खेळला नसेल तर काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

“काही लागलंबिगलं नाही ना?” मी विचारलं.

“नाही.”

“पैसेबिसे हवेत का?”

“नाही गं,” तो म्हणाला, “असाच केला.”

माझ्या हातातली काडी हातातच राहिली.

“बिझी आहेस?” त्यानं विचारलं.

“छे रे.”

“मग बोल ना काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. मराठीत बोल. इथे सगळे...” पुढचं गाण्यात बुडालं. मग म्हणाला, “तू आत्ता काय करतेयस?”

“मी? मेथी निवडतेय.”

“मग ते सांग.”

आणि मी त्याला मेथी सांगितली. म्हटलं, आज जुडी चांगली मिळाली, पानं कोवळी आहेत, मातीही फार नाही. बाबांना लसणाची फोडणी घालून पातळ भाजी आवडते, पण मी परतून करणार आहे, कारण पातळ केली की ते भात मागतात आणि भात खाल्ला की ताटावरच झोपतात. तो हसला. मग सांगितलं की खालच्या दुकानातली मांजर व्यालीय आणि पिल्लं केळ्यांच्या खोक्यात आहेत. की स्टेडियमच्या रस्त्याला झाडं लावलीत, दोन्ही बाजूंना, अगदी ओळीत, आणि त्यांना अजून कळलेलं दिसत नाही की आपण वाळवंटात आलोय. तो “मग?” म्हणाला. मी म्हटलं, मग काय, मग बाल्कनीत तुझी ती जुनी सायकल आहे, तिच्या सीटवर कबुतर बसतं. “मग?” त्याचा आवाज थोडा ओला होता. मी विचारलं नाही. मागे पोरं जिंकल्याचं गात होती, आणि तो त्या सगळ्यांत एकटा खिडकीशी बसून ऐकत होता, की त्याच्या सायकलवर कबुतर बसतं.

बराच वेळ झाला असेल. रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या होत्या, इफ्तार आटोपून लोक बाहेर पडले होते.

“झाली का गं निवडून?” त्यानं विचारलं.

टेबलावर पानांचा ढीग होता, काड्या वेगळ्या, पेपर मोकळा. जुडी केव्हाच संपली होती.

“नाही रे,” मी म्हटलं, “अजून बरीच आहे.”